माती टाकलेला बुडखा

थोरलीला कुणी "किती सोसलंस गं बाई" म्हटलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. सोसायला ती काय दगड होती? ती सोसत नव्हती, वाट बघत होती. हा फरक वस्तीत एकालाही कळला नाही, आणि तिनंही कुणाला समजावण्यात तोंडाची वाफ दवडली नाही.

घरातली मोठी सून म्हणून ती सगळ्यांची थोरली. नवरा थोरला, दीर धाकटा, आणि सगळ्यांच्या वर सासूबाई. दोघे भाऊ वनखात्याच्या टोळीत कामाला होते. या टोळीचं काम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खुळ्यासारखं वाटायचं, कारण जंगलाला आग लागू नये म्हणून हे लोक जंगलाला आग लावायचे. थंडी सरता सरता, पाचोळ्यात थोडी ओल असताना, वाऱ्याचा अंदाज घेऊन, आखलेल्या पट्ट्यातच. झाडांखाली साचलेला पालापाचोळा आणि वाळक्या काटक्या सावकाश जाळून टाकायच्या, म्हणजे उन्हाळ्यात खरी आग आली की तिच्या तोंडी लागायला काही उरत नाही. सासूबाई म्हणायच्या, "चोर यायच्या आधी आपणच घर धुऊन न्यायचं, असला हा यांचा धंदा." पण त्याच धंद्यावर घर चालायचं, म्हणून हसत म्हणायच्या.

सहा वर्षांपूर्वी डोंगरवाटेच्या वरच्या वळणाजवळचा पट्टा असाच जाळून झाला. टोळी घरी आली, सगळं निवलं. आणि आठवडा उलटून गेल्यावर एका सकाळी वारं सुटलं, तसा त्याच वळणाशी धूर दिसला. एरवी आग चढावर धावते. त्या दिवशी वारा डोंगरावरून खाली येत होता, त्यानं आगीला वस्तीकडे हाकललं. थोरला सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन वर पळाला. धुरात कोंडून तिथेच गेला. वस्तीची खालची ओळ वळणाच्या थेट उतारावर, तिथली घरं एकापाठोपाठ एक जळाली; थोरलीचं घर बाजूला होतं, ते वाचलं. माणसं बहुतेक अंगावरच्या कपड्यांनिशीच बाहेर पडली.

चौकशी झाली. धाकट्यानं सांगितलं, "दादा सकाळी वळणावर बसून सिगारेट ओढत होता." थोरला सिगारेट ओढायचा हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलंच नाही. ज्यानं जीव दिला त्याच्याच नावावर आग मांडली गेली. मेलेला माणूस उलटून बोलत नाही. त्याच्याइतका सोयीचा गुन्हेगार जिवंत माणसांत शोधून सापडायचा नाही.

खालच्या ओळीतल्या लोकांपैकी तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. फक्त शिंप्यानं थोरलीचं शिवायला टाकलेलं कापड, मापाच्या वहीसकट आगीतून वाचलेल्या एका गाठोड्यातलं, न शिवताच परत पाठवून दिलं. निरोप नाही, काही नाही. तिनं ते कापड तसंच घडी घालून कपाटात ठेवलं, त्याचं काही शिवलं नाही आणि ते कुणाला दिलंही नाही. सासूबाई मात्र नळावर चारचौघींत पदर डोळ्याला लावून म्हणायच्या, "माझ्याच पोराच्या सिगारेटनं तुमचे संसार गेले हो." बायकांना त्यांचं कौतुक वाटायचं. स्वतःच्या मुलाची चूक अशी उघड बोलून दाखवायला केवढं मोठं मन लागतं, असं म्हणायच्या. थोरली मागे कळशी घेऊन उभी असायची आणि दात आवळून नळाची धार बघायची.

धाकटा पुढे टोळीचा मुकादम झाला, खात्याच्या क्वार्टरमध्ये राहायला गेला. संध्याकाळी आईला भेटायला मात्र न चुकता यायचा. तो आला की थोरली त्याला चहा द्यायची, टवका उडालेल्या कपात आणि मुद्दाम कोमट. "वहिनी, चहा जरा..." असं तो एकदा म्हणाला होता. "गरम सोसत नाही ना तुम्हाला, भाऊजी," एवढंच ती म्हणाली. सूड म्हणावा एवढा तो मोठा नव्हता, पण रोजचा होता.

वनखात्याच्या ऑफिसमागे एक लांबलचक शेड होती. तिथे जंगलातल्या आगीवर संशोधन चालायचं. संशोधक जिथे जाईल तिथे तापमापक खुपसायचा, म्हणून टोळीनं त्याचं नाव थर्मामीटरसाहेब ठेवलं होतं. त्याला मदतनीस हवी होती. थोरली बारावी झालेली, वजनकाटा वाचता येणारी, डोंगर चढायला न कुरकुरणारी. तिला काम मिळालं. ठरलेल्या जागांवरचा पाचोळा डब्यांत भरून आणायचा, वजन करायचं, भट्टीत सुकवायचा, पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढी त्यात ओल होती. ओल किती आहे यावरून टोळीनं जाळायचं की थांबायचं ते ठरे. शेडमध्ये कायम भाजक्या पानांचा वास यायचा आणि तो केसांत बसून तिच्याबरोबर घरी यायचा. सासूबाई नाक मुरडायच्या. नवऱ्याला ज्या धुरानं खाल्लं त्याचाच वास घेऊन हिंडते, म्हणायच्या.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "साहेब, सिगारेटच्या थोटकानं जंगल पेटतं का?"

साहेबानं तेव्हा नुसती वहीत नोंद केली. दुसऱ्या दिवशी सिगारेटची पाकिटं घेऊन आला. स्वतः कधी ओढली नव्हती, त्यामुळे खोकून खोकून बेजार झाला, पण एकेक थोटूक पाचोळ्याच्या ट्रेमध्ये टाकून बघत राहिला. ओलसर पाचोळ्यात थोटकं विझली. कडकडीत वाळलेल्यात काही विझली, काही धुमसली, एकानं चक्क जाळ धरला.

"मग त्या दिवशी काय झालं असेल?" थोरलीनं विचारलं.

"त्या दिवशी पाचोळा किती वाळला होता ते कुणी मोजलंच नव्हतं. पेटलं असेल. नसेलही."

तिला त्या माणसाच्या डोक्यात ट्रे घालावासा वाटला. असेल, नसेलही! एवढं शिकून शेवटी हेच सांगायचं होतं तर रस्त्यावरचा ज्योतिषी काय वाईट होता? पण काम तिनं सोडलं नाही. शेडमध्ये आग कशी वागते ते कळत होतं, आणि वैऱ्याचा स्वभाव माहीत असलेला बरा.

यंदा साहेबानं बुडख्यांचा प्रयोग काढला. जाळणी झाली की तोडलेल्या झाडांचे बुडखे आत धुमसत राहतात. ते विझवायचे तर पाणी खालून पाठीवर वाहून आणावं लागतं. माती पायाखालीच असते. मग टोळीतले लोक काय करतात, चार फावडी माती टाकतात, वरून लाथेनं दाबतात आणि घरचा रस्ता धरतात. साहेबानं काही बुडखे असे टोळीच्या पद्धतीनं माती टाकून गाडले, बाकीचे उकरून, ढवळून, पाणी मारून उघडे ठेवले. सगळ्यांच्या मुळाशी लांब सळयांचे तापमापक खुपसले. आकडे घ्यायचं काम थोरलीकडे आलं.

उघडे बुडखे एक-दोन दिवसांत गार झाले. गाडलेले होईनात. वरची माती हाताला थंड लागायची आणि आत भट्टीसारखी धग असायची. आठवडा संपला तरी उतरेना. रात्री चुलीतला निखारा राखेनं झाकून ठेवायचा आणि सकाळी फुंकर घालून पेटवायचा, हे घरोघरी बायका पिढ्यान् पिढ्या करत आल्या. त्याच घरांतून जेवून बाहेर पडलेल्या बाप्यांना जंगलात मात्र वाटत होतं की झाकलं म्हणजे विझलं.

मग एका दुपारी वारं सुटलं. थोरली आकडे लिहीत होती. गाडलेल्या एका बुडख्यापासून पाच-सहा पावलांवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, जमिनीतून धुराची बारीक रेघ वर आली. आग मुळाच्या पोटातून चालत तिथवर पोचली होती. बघता बघता पाचोळ्यानं पेट घेतला. साहेबानं आणि तिनं जवळच्या पिंपातलं पाणी ओतून ती विझवली. साहेब आनंदानं जवळजवळ नाचत होता. थोरली बुडख्यापासून त्या जागेपर्यंतची पावलं पुन्हा पुन्हा मोजत होती.

तिला ती संध्याकाळ आठवली होती. वळणाचा पट्टा जाळून झाला त्या दिवशी धाकटा सगळ्यांच्या आधी घरी आला होता. वळणावरचं राहिलेलं विझवायचं काम त्याचं होतं. थोरला मागून आला आणि हात धुता धुता त्यानं विचारलं, "वळणावरच्या बुडख्यावर पाणी मारलंस ना?" "मारलं रे दादा. वर मातीनं गाडला साल्याला. आता त्याचा बापही पेटणार नाही." सगळे हसले होते. थोरलीही हसली होती, आणि त्या दिवशी धाकट्याला तिनं चांगला वाफाळता चहा दिला होता.

तिनं साहेबाला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "असं होऊ शकतं, हे आपण दाखवलं," तो म्हणाला. "त्या दिवशी असंच झालं, हे नाही दाखवता येणार. तो बुडखा तर पुरता जळून गेलाय."

"मग तुमच्या शास्त्राचा मला काय उपयोग?"

"मागच्या आगीसाठी काही नाही," तो खाली बघत म्हणाला. "पुढच्या आगीसाठी आहे. मी खात्याला नियम बदलायला लावणार. सगळ्या टोळ्यांना बोलावून डोळ्यांनी दाखवू."

थोरलीच्या मनात चक्र फिरू लागलं. शास्त्र साक्ष देत नसेल तर साक्ष ज्याच्या पोटात आहे त्याच्याच तोंडून काढायची. तिनं प्रात्यक्षिकाची तयारी स्वतःहून अंगावर घेतली. वरच्या वळणाशीच जागा निवडली. बुडखा तिनंच पेटवला, तिनंच गाडला, लाथेनं दाबला. आणि मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ जाऊन सळई बघून यायची, आजारी माणसाला बघायला जावं तशी. ताप उतरला नाही की तिला बरं वाटायचं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी खात्याच्या तिन्ही टोळ्या आल्या. खात्याचे मोठे साहेब खुर्चीवर. पिंपं भरलेली. प्रत्येकाला चामडी हातमोजे वाटायचं काम थोरलीचं होतं, तिनं सगळ्यांना वाटले. धाकट्याचा जोड शेवटचा, तो अजून तिच्या एप्रनच्या खिशात होता. धाकटा मुकादम म्हणून सगळ्यांच्या पुढे उभा होता, कमरेवर हात ठेवून.

"भाऊजी, तुम्ही अनुभवी," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "हा विझलाय का ते सांगा."

धाकट्यानं पालथा हात मातीला लावला. "थंडगार आहे. मेलाय हा."

"नक्की?"

"वहिनी, या कामात केस पिकले माझे. माती पडली की त्याचा बापही पेटत नाही."

तेच शब्द! सहा वर्षांत माणसानं शब्दसुद्धा बदलले नव्हते.

"मग उकरा की हातानं. मेलेल्याला कसली भीती?"

साहेब मागून "थांबा, फावडं" असं काही म्हणाला. पण टोळीतले खिदळायला लागले होते, आणि मुकादमाला माघार घेणं कसं जमेल? धाकट्यानं बाही वर केली आणि हात मातीत खुपसला. थोरलीचा हात खिशातल्या मोज्यांवर होता. तिनं ते बाहेर काढले नाहीत.

तो असा ओरडला की झाडावरची पाखरं उडाली. मातीच्या भगदाडातून लालभडक धग दिसली. कुणीतरी त्याच्या हातावर पाणी ओतलं, कुणी बुडख्यावर. थोरली त्याच्याजवळ वाकली. तळहाताचं कातडं सुटलं होतं ते तिनं नीट पाहून घेतलं. तिला वाईट वाटलं नाही. गोड लागलं, आणि ते तिनं स्वतःशी लपवलंही नाही.

"इथलाही असाच गाडला होता ना, भाऊजी?" ती म्हणाली. "पाणी मारलं होतं की नव्हतं?"

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर तिनं स्वच्छ वाचलं. आणि तरीही तो मोठ्यानं म्हणाला, "काय बोलताय वहिनी, मला नाही काही आठवत."

त्याच दिवशी नियम ठरला. बुडख्यावर माती टाकायची नाही. उकरायचं, ढवळायचं, पाणी मारायचं, आणि आठवडा झाला की परत जाऊन बघायचं. मोठ्या साहेबांनी थर्मामीटरसाहेबाची पाठ थोपटली. त्यानं मात्र परतताना थोरलीला बाजूला घेतलं.

"हातमोजे तुमच्याकडे होते."

"विसरले," ती म्हणाली, आणि विसरली नव्हती हे त्याला समजावं अशा आवाजात म्हणाली.

"पुन्हा प्रात्यक्षिकाला तुम्ही नको," तो म्हणाला. ती बरं म्हणाली. जंगलाचं भलं झालं होतं. थोरल्याच्या नावावरचा डाग होता तिथेच होता, आणि हात भाजून घेऊनही त्याचा भाऊ सुटला होता. घरी येताना तिला वाटेत दोनदा बसावं लागलं, एवढी ती रागानं थकली होती.

ती घरात शिरली तेव्हा धाकटा आधीच आलेला होता. हाताला पांढरं बँडेज होतं, आणि सासूबाई त्या बँडेजवर फुंकर घालत होत्या. तिला बघताच त्या उसळल्या.

"माणूस आहेस की कोण? सगळ्या टोळीसमोर पोराचा हात जाळलास! अगं, आधीच तो आतून जळतोय. त्या दिवसापासून एक रात्र धड झोपला नाही बिचारा. इथे या मांडीवर डोकं ठेवून..."

आणि सासूबाई थांबल्या.

"कुठल्या दिवसापासून, आई?" थोरलीनं विचारलं.

धाकटा बँडेजकडे बघत होता.

"मांडीवर डोकं ठेवून काय म्हणाला तो?"

"तुला काय करायचंय आता?" सासूबाईंचा आवाज चिरका झाला. "आग लागली त्याच रात्री सांगितलं त्यानं मला. पाणी संपलं होतं, म्हणून नुसतीच माती टाकली. काय करायचं होतं मी? एक पोर गेलंच होतं. गेलेल्याला काय कळतं, आपल्या नावावर काय लिहिलंय ते? जो उरला त्याच्या तोंडाला काळं फासू? मी आई आहे. दोघांचीही!"

थोरली उभी होती तिथेच उभी राहिली. सहा वर्षं हिचे पाय चेपले. सहा वर्षं नळावर हिचा पदर डोळ्याला जाताना पाहिला. आपण दिराला कोमट चहा देत बसलो आणि गरम गरम ताट रोज हिच्यापुढे वाढलं! तिला ओरडायचं होतं, पण ओरडून राग वाया गेला असता. ती आत गेली. कपाटातून शिंप्यानं परत पाठवलेलं ते कापड काढून काखेत घेतलं. बाहेर येऊन सासूबाईंच्या चपला त्यांच्या पायापुढे सरळ मांडून ठेवल्या.

"चला."

"कुठे?"

"खालच्या ओळीत. नळावर जे सांगत होतात ना, ते आता नीट सांगायचं. एकेका घरी."

"वहिनी," धाकटा उठला, "आईला नको. मी जातो एकटा."

"तुम्ही येणारच आहात. पण सहा वर्षं त्यांच्यापुढे तुमचं तोंड नव्हतं चाललं, यांचं चाललं होतं. यांच्याच तोंडून ऐकतील ते." मग ती सासूबाईंकडे वळली. "नाही आलात तर मी जाते, आणि मी तुमच्यापेक्षा वाईट सांगेन."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. त्यांनी चपलेत पाय घातले.

उन्हं कलली होती, ओळीतली दारं उघडीच होती. पहिलं घर शिंप्याचं. जुन्या घराच्या जागी नवं, वर पत्रा, पुढच्या खोलीत मशीन. शिंप्यानं पायडल थांबवलं आणि उठून खुर्ची पुढे केली, सासूबाईंना. थोरलीकडे त्यानं पाहिलं नाही. सहा वर्षांची सवय होती ती.

"या आजी. आज इकडे कुठे?"

सासूबाईंनी दाराची चौकट धरली. "माझ्या थोरल्याच्या..." त्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य आपोआप यायला लागलं. थोरलीनं त्यांच्या कोपराला नुसता हात लावला.

"थोरल्याच्या सिगारेटनं नाही पेटलं," त्या म्हणाल्या. "याच्या हातून झालं. आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

शिंप्यानं आधी मायलेकरांकडे पाहिलं आणि मग, सहा वर्षांत पहिल्यांदा, थोरलीकडे. थोरलीनं काखेतलं कापड त्याच्या मशीनवर ठेवलं.

"मापं तुमच्याकडे असतील जुनी," ती म्हणाली. "मी जाडी झालेले नाही."

बाहेर आल्यावर सासूबाई भिंतीला टेकून रडायला लागल्या. "बास गं," त्या म्हणाल्या. "झालं ना आता? हा सांगेल सगळ्यांना. मला घरी ने."

थोरलीनं त्यांचा हात हातात घेतला, रोज नळावरून येताना घ्यायची तसाच, सांभाळून. शेजारच्या दारापुढे नवी पायरी केली होती.

"सावकाश या आई," ती म्हणाली. "ही पायरी जरा उंच आहे."